मराठा इतिहासप्रसंगांची मुद्राचित्रे (एकोणिसावे शतक)

मराठा इतिहासप्रसंगांची मुद्राचित्रे म्हणजे मराठ्यांच्या इतिहासातील व्यक्ती, दरबार, तह व लढाया यांची धातू, लाकूड किंवा दगड यांवर कोरून वा रेखाटून कागदावर छापलेली चित्रे होत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी चित्रे प्रामुख्याने लंडनमध्ये तयार होत आणि ती ब्रिटिश वाचकांसाठी असत. उत्तरार्धात पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने शिळाछाप पद्धतीने मराठी ग्राहकांसाठी ऐतिहासिक चित्रे काढण्यास सुरुवात केली. छायाचित्रणाचा प्रसार होण्यापूर्वीच्या काळातील पेशवे दरबार, असईची लढाई किंवा १८५७ चा उठाव यांविषयीची दृश्य कल्पना मोठ्या प्रमाणात या चित्रांमुळे घडली. यांपैकी अनेक चित्रे घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, घटनास्थळी उपस्थित नसलेल्या चित्रकारांनी काढली होती. त्यामुळे इतिहासाचे साधन म्हणून त्यांचा उपयोग करताना चित्र केव्हा, कोणी, कशाच्या आधारे आणि कोणासाठी काढले, हे पाहणे आवश्यक ठरते.

## तंत्र

मुद्राचित्रांचे तंत्रानुसार अनेक प्रकार आहेत. ताम्रपट उत्कीर्णनात तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर ब्यूरिन नावाच्या टोकदार पोलादी हत्याराने रेषा कोरतात. कोरलेल्या रेषांत शाई भरून पत्र्याचा उरलेला पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद त्यावर ठेवून दाबयंत्रातून काढतात. मेझोटिंट या प्रकारात संपूर्ण पत्रा प्रथम दातेरी हत्याराने खरखरीत करतात व उजेडाचे भाग नंतर घासून गुळगुळीत करतात. त्यामुळे तैलचित्रातील छायाप्रकाश छापात उतरवता येतो. ॲक्वाटिंटमध्ये राळेची पूड व आम्ल यांच्या साहाय्याने जलरंगासारख्या छटा साधतात. अशा छापांवर पुष्कळदा हाताने रंग भरले जात.

तांबे मऊ असल्याने काही काळानंतर त्यावरील बारीक रेषा झिजतात. अमेरिकन संशोधक जेकब पर्किन्स हे १८१९ मध्ये इंग्लंडला आले व त्यांनी चलनी नोटांच्या छपाईसाठी पोलादी पत्रे वापरण्याची पद्धत तेथे आणली. १८२० च्या दशकात पुस्तकांतील चित्रांसाठीही पोलादी पत्रे वापरात आले. एका पत्र्यावरून कितीतरी अधिक प्रती निघू लागल्यामुळे सचित्र इतिहासग्रंथ स्वस्त झाले.

काष्ठोत्कीर्णनात बॉक्सवुडसारख्या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर चित्र कोरतात. येथे उंच राहिलेल्या भागावरून छपाई होत असल्याने हा ठसा खिळ्यांच्या अक्षरजुळणीसोबत एकाच पानावर छापता येतो. सचित्र साप्ताहिकांची वाढ या सोयीमुळे झाली. मोठ्या चित्रासाठी लाकडाचे अनेक तुकडे जोडून ठसा तयार करीत आणि वेळ वाचवण्यासाठी ते तुकडे वेगवेगळ्या कारागिरांकडून कोरून घेत.

शिळाछाप ही पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डर यांनी शोधली. हिच्यात कोरणे नसते. चुनखडीच्या विशिष्ट दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने रेखाटन करतात आणि तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या गुणधर्मावर छपाई होते. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड वापरून रंगीत शिळाछाप काढता येतो. मराठी बोलण्यात या सर्व प्रकारांना सरसकट ‘जुनी छापील चित्रे’ म्हटले जात असले, तरी उत्कीर्णन व शिळाछाप या मुळात वेगळ्या पद्धती आहेत.

## पूर्वपीठिका

पुण्यात पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकलेचा पद्धतशीर प्रवेश पेशवाईच्या उत्तरकाळात झाला. ईस्ट इंडिया कंपनीचे पुणे दरबारातील रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या प्रोत्साहनाने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स हे १७९२ मध्ये पुण्यास आले. त्यांनी सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांची चित्रे काढली. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचे त्यांनी केलेले एकत्रित चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. शनिवारवाड्यात स्थानिक कारागिरांना चित्रकला शिकवण्याची व्यवस्थाही याच काळात झाली. तेथे तयार झालेल्यांपैकी गंगाराम चिंतामण तांबट हे सर्वांत परिचित नाव होय. वेरूळच्या लेण्यांची त्यांनी केलेली रेखाटने प्रसिद्ध आहेत. वेल्स यांचे १७९५ मध्ये निधन झाले.

धातूच्या पत्र्यावर कोरून छपाई करण्याचा मराठी प्रदेशातील एक महत्त्वाचा प्रयत्नही याच वातावरणातून निर्माण झाला. पुण्यातील एका तांबट कारागिराने भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरण्याचे काम नाना फडणवीस यांच्या काळात सुरू केले होते. १८०० मध्ये नानांचा मृत्यू झाल्यावर हे काम मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने पुढे गेले व १८०५ मध्ये मिरज येथे ही गीता छापली गेली. म्हणजे ताम्रपटावरून छपाई करण्याचे कसब येथील कारागिरांनी आत्मसात केले होते. मात्र त्याचा उपयोग ऐतिहासिक प्रसंगांच्या चित्रांसाठी झाला नाही आणि पेशवाईच्या अस्तानंतर हा आश्रय संपला.

## पुणे दरबाराचे मुद्राचित्र

मराठा इतिहासाविषयीच्या मुद्राचित्रांत सर्वाधिक परिचित असलेले एक चित्र म्हणजे १७९० च्या पुणे दरबाराचे होय. म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, पेशवे व निजाम यांची युती त्या वर्षी झाली. शनिवारवाड्यातील दरबारात मॅलेट हे सोळा वर्षांच्या सवाई माधवरावांना तहाचा कागद देत आहेत, असा प्रसंग चित्रात दाखवला आहे. मूळ तैलचित्र इंग्लिश चित्रकार थॉमस डॅनियल यांनी १८०५ मध्ये पूर्ण केले व ते आता लंडनच्या टेट संग्रहात आहे. चार्ल्स टर्नर यांनी १८०७ मध्ये त्याचे मेझोटिंट केले आणि त्यामुळे हा प्रसंग इंग्लंडमध्ये घरोघरी लावता येण्याजोगा झाला.

या चित्राची घडण तीन टप्प्यांत झाली आहे. चित्राचा संकल्प व त्यासाठीची रेखाटने जेम्स वेल्स यांची होती. ते अपुरे ठेवून वारल्यानंतर मॅलेट यांनी ती सामग्री डॅनियल यांच्याकडे सोपवली. टर्नर यांनी डॅनियल यांच्या चित्रावरून पत्रा तयार केला. वेल्स हे भारतात १७९१ मध्ये आले आणि १७९० मध्ये डॅनियल उत्तर व पूर्व भारतात प्रवास करीत होते. म्हणजे तहाच्या दरबारास या दोघांपैकी कोणीही हजर नव्हते. प्रसंगाची मांडणी, त्यातील व्यक्तींची जागा आणि केंद्रस्थानी असलेले मॅलेट यांचे स्थान या गोष्टी ज्यांनी चित्र करवून घेतले त्यांच्या दृष्टीने ठरलेल्या आहेत. हा तह इंग्रज मुत्सद्देगिरीचे यश म्हणून दाखवणे, हा चित्राचा उघड हेतू आहे.

असे असूनही चित्राचे साधनमूल्य मोठे आहे. वेल्स यांनी पुण्यात राहून दरबारी व्यक्ती प्रत्यक्ष पाहिल्या होत्या व शनिवारवाड्याचा अंतर्भाग त्यांना परिचित होता. १८२८ मध्ये शनिवारवाड्याला लागलेल्या आगीत आतील इमारती नष्ट झाल्या. त्यामुळे गणेशमूर्ती असलेले दरबारी दालन, नक्षीदार खांब, बैठकीची रीत, पागोटी व अंगरखे यांविषयी हे चित्र उपयुक्त माहिती देते. एकच चित्र प्रसंगाच्या बाबतीत कमी विश्वसनीय आणि वास्तू व वेशभूषा यांच्या बाबतीत अधिक विश्वसनीय असू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

## नागपूरकर भोसले आणि युद्धचित्रे

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी सध्याच्या जालना जिल्ह्यात, केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात झाली. दौलतराव शिंदे व नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांच्या संयुक्त फौजेविरुद्ध ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याचे नेतृत्व आर्थर वेलस्ली यांच्याकडे होते. हेच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाले. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनचा पराभव झाल्यावर वेलिंग्टन यांच्या पूर्वीच्या विजयांच्या चित्रांना ब्रिटनमध्ये मोठी मागणी आली व असईची लढाई या चित्रांचा नेहमीचा विषय बनली.

यांपैकी विल्यम हीथ यांच्या चित्रावरून जे. सी. स्टॅडलर यांनी केलेले ॲक्वाटिंट आजही पुस्तकांतून वारंवार छापले जाते. घोड्यावरून सैन्याला आज्ञा देणारे वेलस्ली हा त्याचा मध्यबिंदू आहे. हीथ यांचा जन्म १७९४ च्या सुमाराचा असल्याने लढाईच्या वेळी ते लहान मुलगा होते. चित्रातील भूप्रदेश, सैन्याची रचना व हालचाल ही लेखी वृत्तान्त आणि युद्धचित्रांचे रूढ संकेत यांवरून उभी केलेली आहे. सेनापती उंचावर व उजेडात, शत्रू दूर किंवा पायदळी, आणि धुराच्या पडद्याआड उरलेले सैन्य ही मांडणी त्या काळातील युरोपीय लढायांच्या चित्रांतही आढळते.

अशा चित्रांतून मराठा बाजूचे अंतर्गत स्वरूप कळत नाही. असई येथे लढाईचा मुख्य भार शिंद्यांच्या तोफखान्यावर व युरोपीय पद्धतीने कवायत शिकवलेल्या पायदळावर पडला. भोसल्यांच्या घोडदळाने प्रत्यक्ष लढाईत फारसा भाग घेतला नाही. दोन्ही सरदारांच्या फौजांतील हा फरक युद्धाच्या परिणामाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, तरी मुद्राचित्रात मराठा सैन्य एकसारखा समूह म्हणून येते. पुढे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेश सोडला. नागपूर राज्याच्या दृष्टीने निर्णायक असलेल्या या घटना चित्रकारांच्या निवडीत असईच्या मागे पडल्या. चित्रांची संख्या ही घटनेच्या स्थानिक महत्त्वावर अवलंबून नव्हती. ब्रिटनमधील वाचकाला परिचित असलेला नायक तिच्यात आहे की नाही, यावर ती अवलंबून होती.

नागपूर शहरात २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसले यांचे सैन्य व रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांच्याकडील कंपनीची फौज यांच्यात लढाई झाली. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अभ्यासासाठी प्रसंगचित्रांपेक्षा उत्कीर्ण नकाशे अधिक उपयोगी पडतात. व्हॅलेंटाईन ब्लॅकर यांनी १८१७ ते १८१९ या काळातील मोहिमांवर लिहिलेला ग्रंथ १८२१ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्याच्यासोबत मोहिमांचे नकाशे व आराखडे दिले आहेत. लष्करी अधिकाऱ्यांच्या मोजणीवर आधारलेले असे आराखडे तांब्यावरच कोरलेले असत. तंत्र एकच असले तरी मोजून काढलेला आराखडा आणि कल्पनेने रचलेला प्रसंग यांच्या प्रामाण्यात मोठे अंतर असते.

## १८५७ चा उठाव आणि सचित्र नियतकालिके

‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे साप्ताहिक मे १८४२ मध्ये सुरू झाले. १८५७ मध्ये उत्तर भारतात उठाव झाल्यावर अशा नियतकालिकांतून काष्ठोत्कीर्ण चित्रांची मोठी मालिकाच प्रसिद्ध झाली. चार्ल्स बॉल यांचा उठावाचा इतिहास आणि एडवर्ड हेन्री नोलन यांचा ब्रिटिश साम्राज्याचा सचित्र इतिहास हे १८५८ नंतर लगोलग निघालेले ग्रंथ पोलादी पत्र्यांवरील चित्रांनी सजवलेले होते.

दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब पेशवे हे या चित्रांतील एक प्रमुख पात्र होते. कानपूरच्या सतीचौरा घाटावरील व बिबीघरातील हत्याकांडांनंतर ब्रिटिश वाचकांत त्यांच्या रूपाविषयी तीव्र कुतूहल होते. ते भागवण्यासाठी छापलेल्या चित्रांची विश्वसनीयता संशयास्पद होती. या मोहिमेत सैनिक म्हणून सहभागी झालेले विल्यम फोर्ब्स-मिचेल यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत असे नोंदवले आहे की, लंडनमध्ये नानासाहेबांचे म्हणून छापलेले चित्र प्रत्यक्षात उत्तर भारतातील एका धनिक कंत्राटदाराचे होते. नानासाहेब १८५९ नंतर कोठे गेले हे निश्चितपणे कळू शकले नाही व त्यांच्या नावाने संशयित पकडले जात राहिले. १८७४ मध्ये ग्वाल्हेर येथेही असा एक माणूस पकडून इंग्रजांच्या हवाली करण्यात आला. ओळख पटवण्याचा प्रयत्न झाल्यावर तो नानासाहेब नसल्याचे ठरले. चेहऱ्याची खात्रीशीर प्रतिमा उपलब्ध नसणे ही त्यामुळे केवळ चित्रकलेची अडचण राहिली नव्हती.

बॉल यांच्या ग्रंथात जनरल व्हीलर यांची मुलगी हल्लेखोरांवर पिस्तूल झाडत असल्याचे नाट्यमय चित्र आहे. ही कथा त्या काळी लंडनमध्ये अतिशय लोकप्रिय झाली होती. ती मुलगी पुढे जिवंत असल्याच्या वार्ता आल्या आणि मूळ कथेवर विश्वास उरला नाही. तरी चित्र मात्र पुस्तकांतून पुनर्मुद्रित होत राहिले. लेखी मजकुरातील चूक पुढील आवृत्तीत दुरुस्त होऊ शकते, परंतु कोरलेला पत्रा खर्चिक असल्याने तोच पुन्हा वापरला जाई.

## चित्रशाळा छापखाना

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले होते. तेव्हापासून शिळाछाप हे मराठी मुद्रणाचे परिचित साधन बनले. इतिहासविषयक चित्रांसाठी त्याचा संघटित उपयोग पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने केला. ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सहकाऱ्यांसह १८७८ मध्ये चित्रशाळेची स्थापना केली. त्याच वर्षी बखरी, पत्रे व काव्ये प्रसिद्ध करणारे ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिकही पुण्यात सुरू झाले. एकाच वेळी जुनी कागदपत्रे व जुन्या पुरुषांची चित्रे वाचकांपुढे आणण्याचा हा काळ होता. इंग्रजांनी लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासाची चिकित्सा नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६० च्या दशकात सुरू केली होती. चित्रशाळेचा उपक्रम ही तिची दृश्य बाजू मानता येते.

चित्रशाळेने देवदेवतांची व इतिहासपुरुषांची चित्रे एकाच मालिकेत काढली. रामपंचायतनासारखी धार्मिक चित्रे मोठ्या संख्येने खपत आणि त्यांच्या आधारावर शिवाजी महाराज, पेशवे, नाना फडणवीस यांसारख्या विषयांची चित्रे काढणे शक्य होई. ही चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी होती. देव्हाऱ्याजवळ राम व बैठकीत शिवाजी महाराज अशी मराठी मध्यमवर्गीय घराची सजावट या काळात रूढ होऊ लागली. चिपळूणकरांचे १८८२ मध्ये निधन झाल्यावरही संस्था चालू राहिली व वासुदेव गणेश ऊर्फ वासुकाका जोशी यांनी तिचा विस्तार केला. १९१० मध्ये चित्रशाळेने ‘चित्रमय जगत्’ हे सचित्र मासिक सुरू केले.

ब्रिटिश मुद्राचित्रांत मराठा राज्यकर्ते हे तह करणारे किंवा पराभूत होणारे पक्ष म्हणून येत. चित्रशाळेच्या चित्रांत ते स्वतः प्रसंगाचे स्वामी झाले. मात्र ही चित्रेही घटनेच्या समकालीन नाहीत. त्यांत आदर्श व अभिमान यांचा वाटा मोठा आहे आणि काही ठिकाणी चेहरेपट्टीसाठी युरोपीय चित्रांचाच आधार घ्यावा लागला आहे.

राजा रविवर्मा यांचा मुद्रणालय-उपक्रम १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवण्यात आला. रंगीत शिळाछापांच्या या स्पर्धेत ऐतिहासिक चित्रांचा प्रसार आणखी वाढला. १८९५ नंतर लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने शिवजयंती उत्सवाला सार्वजनिक स्वरूप आले आणि शिवाजी महाराजांच्या छापील प्रतिमेला मिरवणुकीत व सभेत नवे स्थान मिळाले.

## शिवाजी महाराजांच्या प्रतिमेचा प्रश्न

शिवाजी महाराजांच्या युरोपात छापलेल्या प्रतिमा एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच आधीपासून उपलब्ध होत्या. डच लेखक फ्रांस्वा व्हॅलेंटाईन यांच्या १७२४ ते १७२६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांचे चित्र आहे. रॉबर्ट ऑर्म यांच्या १७८२ च्या ग्रंथातही त्यांची उत्कीर्ण प्रतिमा आढळते. असे असूनही महाराष्ट्रात दीर्घकाळ मनुची याच्या संग्रहातील एक चित्र महाराजांचे म्हणून प्रचलित होते. ते प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे आहे, हे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी निदर्शनास आणले. १९३३ मध्ये त्यांनी व्हॅलेंटाईनशी संबंधित चित्र प्रकाशात आणले आणि त्यानंतर महाराजांच्या प्रतिमेला नवी दिशा मिळाली. एखाद्या चित्राखालचे नाव वारंवार छापले गेले म्हणजे ते खरे ठरत नाही, हा या प्रकरणाचा अर्थ आहे.

## अमेरिकेतील समांतर परंपरा

अशाच स्वरूपाची परंपरा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर आढळते. ब्रिटिश वसाहतींचा काळ व स्वातंत्र्ययुद्ध यांतील प्रसंगांची मुद्राचित्रे तेथील घरांत व शालेय पुस्तकांत पोहोचली. जॉन ट्रंबुल यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याविषयीच्या चित्रावरून ॲशर ड्युरँड यांनी १८२० ते १८२३ या काळात उत्कीर्णन केले. मूळ चित्रात मसुदा समितीने तो सादर केल्याचा प्रसंग आहे. मात्र छापील प्रतींमुळे सर्वसामान्यांत ते सही करण्याचे दृश्य म्हणून ओळखले जाऊ लागले.

पुणे दरबाराच्या चित्राशी सर्वांत जवळचे अमेरिकन उदाहरण म्हणजे विल्यम पेन यांनी मूळ रहिवाशांशी केलेल्या तहाचे चित्र होय. परंपरेने हा तह १६८२ मधील मानतात. बेंजामिन वेस्ट यांनी तो १७७१-७२ मध्ये रंगवला आणि जॉन हॉल यांनी १७७५ मध्ये त्यावरून उत्कीर्णन केले. तहाच्या वेळी ३८ वर्षांचे असलेले पेन चित्रात वयस्क दिसतात व त्यांचा पोशाख नंतरच्या काळातील आहे. तरीही पुढील शतकभर अमेरिकेत याच्या असंख्य नकला झाल्या. दोन्ही चित्रांत वसाहत करणारी सत्ता शांतपणे, कागद किंवा भेटवस्तू पुढे करून, स्थानिकांशी करार करताना दिसते.

बोस्टन येथे ५ मार्च १७७० रोजी झालेल्या गोळीबाराचे पॉल रिव्हिअर यांचे उत्कीर्णन त्याच वर्षीचे आहे. त्यात गर्दीच्या गोंधळाऐवजी शिस्तीत रांगेने गोळ्या झाडणारे सैनिक दाखवले आहेत. १८५६ मध्ये गुलामगिरीविरोधी चळवळ जोरात असताना निघालेल्या शिळाछापात त्याच घटनेच्या केंद्रस्थानी कृष्णवर्णीय क्रिस्पस ॲटक्स आले. घटना तीच राहिली, परंतु चित्र काढणाऱ्या काळाची गरज बदलली. चित्रशाळेने पेशवाईतील व्यक्तींना दिलेले नवे स्थानही याच पद्धतीने समजून घेता येते.

## इतिहासाचे साधन म्हणून उपयोग

मुद्राचित्राच्या खालच्या पट्टीत बरीच माहिती असते. ‘पिंक्सिट’ या लॅटिन शब्दाआधीचे नाव मूळ रंगचित्र काढणाऱ्याचे, ‘डेलिनिॲव्हिट’आधीचे नाव रेखाटन करणाऱ्याचे आणि ‘स्कल्प्सिट’आधीचे नाव पत्रा कोरणाऱ्याचे असते. १७३५ मध्ये अमलात आलेल्या ब्रिटिश कायद्याने पत्र्यावर मालकाचे नाव व प्रकाशनाची तारीख देणे हक्करक्षणासाठी आवश्यक केले. त्यामुळे अठराव्या व एकोणिसाव्या शतकातील अनेक ब्रिटिश चित्रांचा काळ निश्चित करता येतो. पुस्तकात पुनर्मुद्रण करताना ही पट्टी कापली गेली, की चित्र घटनेइतकेच जुने असल्याचा समज होतो.

कोरलेले चित्र कागदावर उलटे उमटते. छापलेल्या चित्रावरून दुसऱ्याने थेट नक्कल कोरली, तर डावे-उजवे बदलते. तलवार डाव्या हातात दिसणे किंवा अंगरख्याची बाजू बदलणे ही नकलेची खूण असू शकते. वेशभूषा, शस्त्रे, इमारती व झाडे यांची त्या प्रदेशातील इतर साधनांशी तुलना करून चित्रकाराच्या माहितीचा अंदाज बांधता येतो.

सामान्यतः प्रसंगाविषयी समकालीन पत्रे, बखरी, हिशेब व अहवाल यांना मुद्राचित्रापेक्षा अधिक महत्त्व देतात. मुद्राचित्र मात्र ज्या वर्षी छापले गेले त्या वर्षाचा प्रथम दर्जाचा पुरावा असते. टर्नर यांचे १८०७ चे मेझोटिंट १७९० च्या दरबाराबरोबरच १८०७ च्या लंडनविषयीही सांगते, तर चित्रशाळेचे पेशव्यांचे चित्र अठराव्या शतकापेक्षा चिपळूणकरांच्या पुण्याविषयी अधिक सांगते. शालेय व लोकप्रिय पुस्तकांत अशी चित्रे वापरताना चित्रकार, मुद्राकार व प्रकाशनवर्ष यांचा निर्देश केल्यास हा फरक वाचकास कळू शकतो.

## हेही पाहा

* शनिवारवाडा
* असईची लढाई
* सीताबर्डीची लढाई
* विष्णुशास्त्री चिपळूणकर
* शिळाछाप
* राजा रविवर्मा